कंपनी आल्यानंतरचं काय?

दर जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत कंपन्यांशी होणाऱ्या सामंजस्य करारांवरून महाराष्ट्रात आकड्यांची जुंपते. इतके लाख कोटी आणले, तितके शेजाऱ्याने पळवले. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा केवढा धुरळा उडाला! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा मात्र फारसं कुणी बोललं नाही. हे सगळं मी डब्लिनमध्ये बसून वाचतो. कंपनी आली की गेली, इथेच आपली चर्चा संपते. ती आल्यावर सरकारचं काय होतं, ते आयर्लंडमध्ये रोज दिसतं.

साडेबारा टक्के कंपनी कर, इंग्रजी आणि युरोपची बाजारपेठ, या तिन्हीमुळे अमेरिकी कंपन्या इथे आल्या. पिढ्यान्पिढ्या पोटासाठी देश सोडणाऱ्यांच्या या भूमीत आता माझ्यासारखे बाहेरून येतात. खाल्ल्या मिठाला जागून सांगतो, फायदा खरा आहे.

पण २०१६ मध्ये काय झालं पाहा. ॲपलला दिलेली करसवलत बेकायदा आहे, तिच्याकडून १३ अब्ज युरो वसूल करा, असं युरोपीय आयोगाने आयर्लंडला बजावलं. कुठल्या अर्थमंत्र्याला असा निरोप नकोसा होईल? आयर्लंडला झाला. हे पैसे आम्हाला नकोत, म्हणून सरकार ॲपलच्या बाजूने कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल विरुद्ध लागेपर्यंत लढलं. त्याच वर्षांत इथे घरांची टंचाई वाढत होती. सरकार मूर्ख नव्हतं. हे पैसे घेतले तर बाकीच्या कंपन्या बिथरतील, ही भीती होती. अशी भीती कुठल्याच सामंजस्य करारात लिहिलेली नसते, पण पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पात ती हजर असते.

आकड्यांचीही तीच तऱ्हा. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढला. कारखाने उभे राहिले म्हणून नव्हे. मुख्यतः कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री इथे हलवली म्हणून. शेवटी देशाचं खरं उत्पन्न मोजायला सांख्यिकी खात्याला वेगळं माप तयार करावं लागलं.

यावर उताराही जागतिक पातळीवरच निघाला. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पुढाकाराने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर ठरला आणि बरेच आढेवेढे घेऊन आयर्लंडही त्यात आलं. पुढे २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकी कंपन्यांना त्यातल्या काही नियमांतून सूट द्यायचं मान्य केलं, म्हणजे तो उतारा किती टिकेल ते दिसेलच. भारतानेही परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरचा ६ टक्के कर एप्रिल २०२५ पासून सोडून दिला. एवढ्या मोठ्या देशाची ही गत, मग एकेकट्या राज्याने कंपनीसमोर बसून कसली घासाघीस करायची?

आपल्या राज्यांना हे एकदा उमगलं होतं. विक्रीकर कमी करून उद्योग ओढण्याची चढाओढ थांबवायला १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांनी एकत्र बसून किमान दर ठरवले आणि करसवलतींची खिरापत बंद करायचंही मान्य केलं. आज त्याच सवलती राज्य जीएसटीच्या परताव्याच्या रूपाने, म्हणजे राज्याच्या वाट्याचा जीएसटी कंपनीला परत देऊन, मागच्या दाराने परत आल्या आहेत. जीएसटी परिषदेत सगळी राज्यं आयती एकत्र बसतात. या परताव्याला कमाल मर्यादा घालण्याचा ठराव महाराष्ट्राने तिथे मांडायला हवा. दावोसला किती जणांचं शिष्टमंडळ गेलं, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा.