नळाला रोज पाणी

आतेभावानं सोलापुरातल्या एका चर्चेचं रेकॉर्डिंग पाठवलं. विषय माझी कादंबरी. एक गृहस्थ तावातावानं म्हणतात, "इंग्लंडात हीटरला पाय लावून पूर्व भागातल्या मागवाल्यांवर लिहायचं, हे धंदे बंद करा." पुरावाही होता. माझी नायिका रोज सकाळी सहाला नळाखाली घागर लावते. सोलापुरात रोज पाणी येतं कुठे? चार-पाच दिवसांआड येतं. टाळ्या.

चूक माझीच. आमच्या गल्लीत रोज यायचं ते माझ्या लहानपणी. पण टाळ्या झोंबल्या. या गृहस्थांची मुलं पुण्यात, सुनेचं माहेर पुण्यात. हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तासांत येता येतं म्हणून पुण्यातून लिहिलेलं सोलापूर खरं, आणि इंग्लंडातल्या बोल्टनमधून लिहिलेलं खोटं? इथं घरामागच्या गिरणीत फ्लॅट झाले, तरी चिमणी उभी आहे. तुम्ही जुनी मिल राखली नाहीत, भोंगा राखला नाहीत. माझी आठवण तेवढी तपासायला घेता!

आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसनं 1904 मध्ये डब्लिन सोडलं. ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिस अशी बिऱ्हाडं बदलली आणि लिहिलं ते डब्लिनच. 'युलिसिस' 1922 मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं पॅरिसहून डब्लिनला मामीला पत्र टाकून विचारलं होतं, की सात नंबर, एक्लस स्ट्रीट या कादंबरीतल्या नायकाच्या घराच्या रेलिंगवरून साध्या माणसाला खाली उतरता येईल का. (मी जॉइस नाही, हे कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो.)

बुधवारी बरगंडी बिन, म्हणजे रिसायकलिंगचा डबा, बाहेर ठेवताना हे सगळं उत्तर मनात जुळवत होतो आणि तिथंच अडलो. जॉइसनं विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं. मामी आहे, फोन आहे, दर रविवारी बोलणं आहे. पण नळाला पाणी कधी येतं, हे मी विचारायचं म्हणजे मी पाहुणा ठरलो.

आणि त्या गृहस्थांना नळ दिसला, त्याहून मोठी चूक दिसलीच नाही. माझी नायिका पद्मशाली, विणकर समाजातली, घरात तेलुगू. ती भांडते मराठीत, मनातल्या मनात शिव्या देते त्याही मराठीत. मला तेलुगू येत नाही. शाळेतल्या मित्राच्या घरी दहा वर्षं जायचो. मागाच्या खडखडाटात त्याची आई काहीतरी म्हणायची, तो हसायचा, मीही हसायचो. काय म्हणाली, ते एकदाही विचारलं नाही. बोल्टन नकाशावर कुठे आहे हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तरी इथली बावीस वर्षं कादंबरीत का उतरत नाहीत? शेजारच्या म्हातारीवर लिहायला बसलो, तर दुसऱ्याच पानावर ती "काय करलालास बे?" म्हणाली. फाडलं.

परवा मामीला विचारलंच.

"पाणी? चौथ्या दिवशी. रात्री दोनला बी येतंय. का रे?"

"लिहायचंय."

"लिही की. भरायला आम्ही हाय."