आदिमानव खरेच निरोगी होता काय?

‘आदिमानवाला दातांची कीड, कर्करोग, सांधेदुखी ठाऊकच नव्हती, हे रोग शेती आणि साखरेसोबत आले, त्याआधी वैद्याची गरजच पडली नाही,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. आहाराचे नवे पंथ विकणाऱ्यांना तो सोयीचा असेल. उत्खननांत मिळालेली हाडे मात्र वेगळेच सांगतात.

मोरोक्कोतील ताफोराल्तच्या गुहेत सुमारे १५,००० वर्षांपूर्वी राहणारे लोक शेती करत नव्हते, पण ओकची फळे आणि पाइनच्या बिया भरपूर खात. तेथील प्रौढांचे निम्म्याहून अधिक दात किडलेले आढळले. तोंडातल्या जंतूंना पिष्टमय अन्न मिळाल्याशी मतलब, ते शेतातले की रानातले याच्याशी नव्हे. कर्करोगाचा पुरावा तर त्याहून कितीतरी जुना आहे: दक्षिण आफ्रिकेतील स्वार्टक्रान्स येथे मिळालेल्या, सुमारे १७ लाख वर्षांपूर्वीच्या पायाच्या हाडात हाडाच्या कर्करोगाची गाठ आढळली. सांध्यांचे म्हणाल, तर फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ साली सापडलेल्या निअँडरथल (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीतील) पुरुषाला संधिवात होता आणि त्याचे बरेच दातही गेलेले होते.

यावर ‘पुष्कळ सांगाडे निरोगी दिसतात, त्याचे काय?’ असे विचारले जाते. अतिसार, न्यूमोनिया किंवा प्रसूतीतील रक्तस्राव यांनी माणूस थोड्या काळात दगावला, तर हाडांवर खूण उमटायला अवधीच मिळत नाही. म्हणून व्रण नसलेला सांगाडा पहिल्याच आजारात गेलेल्याचा असू शकतो आणि व्रण असलेला, आजाराशी वर्षानुवर्षे झुंजून तगलेल्याचा. स्वच्छ हाडांवरून आरोग्याचे प्रमाणपत्र देणे घाईचे ठरते.

रोग शेतीसोबत आले, या दाव्यात तथ्य आहे ते साथींपुरते. गोवरासारखा रोग टिकून राहायला मोठी, दाट वस्ती लागते. विखुरलेल्या छोट्या टोळ्यांत तो फार काळ तग धरू शकला नसता.

वैद्याची गरज नव्हती, हे विधान बोर्निओतील लिआंग तेबो गुहेतील दफन खोडून काढते. सुमारे ३१,००० वर्षांपूर्वी तेथे एका व्यक्तीच्या डाव्या पायाचा खालचा भाग बालवयात कापून काढला गेला आणि त्यानंतर ती व्यक्ती सहा ते नऊ वर्षे जगली. हाड भरून आलेले आहे आणि त्यावर गंभीर जंतुसंसर्गाच्या खुणा नाहीत. रक्तस्राव थांबवणारे, जखम स्वच्छ राखणारे आणि डोंगराळ मुलखात त्या मुलाची पुढे काळजी वाहणारे कोणी नसते, तर हे घडले नसते.