अंड्याचं पांढरं बरणीत साठवून पैसे वाचतात का? एकेका दाव्याला उत्तर

सध्या फिरत असलेला सल्ला थोडक्यात असा: 'बाटलीतलं अंड्याचं पांढरं विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. घरीच एकदम दोन डझन अंडी फोडा, पांढरं वेगळं काढा, काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. पांढऱ्यात नैसर्गिक जंतुनाशक असतं, त्यामुळे दोन-तीन आठवडे काही होत नाही. पिवळ्यात नुसती चरबी, ते टाकून द्या. खर्च निम्म्यावर येतो.' व्यायाम करणारे, वजन उतरवू पाहणारे, केक करणारे असे सगळेच हा सल्ला एकमेकांना पाठवताहेत.

पांढरं घरी वेगळं काढायला माझी काहीच हरकत नाही, उलट काही कामांना तेच हवं. हरकत आहे ती आठवड्यांच्या बेगमीने अंडी आधीच फोडून ठेवण्याला आणि बलक फेकण्याला. या दोन गोष्टींमुळे बचत तर होत नाहीच, वर घरातलं कुणी आजारी पडू शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'खर्च निम्म्यावर येतो'

मोठ्या आकाराच्या अंड्यात टरफल सोडून साधारण ५० ग्रॅम ऐवज असतो. त्यातलं ३३ ग्रॅम पांढरं आणि १७ ग्रॅम बलक. अर्धा लिटर पांढरं जमवायचं तर सुमारे १६ अंडी फोडावी लागतात. सल्ल्यात एका बाजूला बाटलीची किंमत धरली आहे आणि दुसऱ्या बाजूला अंड्यांची. मधल्या १६ बलकांचा हिशेबच नाही. हे बलक म्हणजे जवळजवळ २७० ग्रॅम अन्न, त्यात ४३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ८८० कॅलरी. पैसे अख्ख्या अंड्याचे मोजायचे आणि तीन चतुर्थांश कॅलरी केराच्या डब्यात टाकायच्या, याला काटकसर कशी म्हणायची?

ज्यांना पांढरं फक्त प्रथिनांसाठी हवं असतं त्यांनी आणखी एक आकडा पाहावा. एका अंड्यात सव्वासहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यातली ३.६ ग्रॅम पांढऱ्यात आणि २.७ ग्रॅम बलकात. १६ अंड्यांच्या पांढऱ्यातून ५८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अख्खी अंडी खाल्ली तर जवळपास तेवढ्याच प्रथिनांना नऊ अंडी पुरतात. म्हणजे बलक टाकणाऱ्याला त्याच प्रथिनांसाठी सात अंडी जास्त विकत घ्यावी लागतात. कॅलरी कमी ठेवायच्या म्हणून कुणी पांढरंच खात असेल तर तो वेगळा आणि योग्य हेतू असू शकतो, पण मग त्याला बचत म्हणू नये.

बचत खरोखर होते ती ज्यांच्या घरी बलक लागतात त्यांची. कस्टर्ड, मेयोनीज, आइसक्रीम करणाऱ्यांकडे पांढरं आपोआप उरतं. ते जपून ठेवणं हा शंभर टक्के फायदा आहे, आणि ते कसं जपायचं ते पुढे सांगतेच.

'पिवळ्यात नुसती चरबी'

हे साफ चूक आहे. चरबी बलकात असते हे खरं, पण अंड्यातली अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही बलकातच असतात. बी-१२ चा बहुतेक साठा तिथेच, लोह आणि झिंक तिथेच, डोळ्यांना उपयोगी ल्युटीन तिथेच. मेंदूला आणि यकृताला लागणारं कोलीन एका अंड्यातून सुमारे १५० मिलिग्रॅम मिळतं, तेही जवळजवळ सगळं बलकातून. पांढऱ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि बाकी प्रामुख्याने प्रथिनं. कोलेस्टेरॉलची भीती हे बलक टाकण्यामागचं जुनं कारण. दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा वर्षानुवर्षं सांगितली जात होती, ती अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमधून २०१५ च्या आवृत्तीत काढली गेली. ज्यांना डॉक्टरांनी बलक वर्ज्य सांगितलाय त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं. बाकीच्यांनी एवढ्या गुणाच्या वस्तूला कचरा समजू नये.

'पांढऱ्यात नैसर्गिक जंतुनाशक असतं, म्हणून ते आठवडे टिकतं'

या दाव्याचा पहिला भाग खरा आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या भागावर लोकांचा पटकन विश्वास बसतो.

पांढऱ्यात लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ मध्ये जगापुढे मांडलं, पेनिसिलिनच्या आधी. ते काही जीवाणूंची पेशीभित्तिका फोडतं. पण अंड्याच्या बाबतीत ज्याची खरी धास्ती, त्या साल्मोनेला या जीवाणूच्या पेशीभित्तिकेवर आणखी एक बाह्य पटल असतं. त्यामुळे एकटं लायसोझाइम त्याच्यापुढे फारसं चालत नाही.

साल्मोनेलाला अडवणारं दुसरं प्रथिन म्हणजे ओव्होट्रान्सफेरिन. ते पांढऱ्यातलं लोह धरून ठेवतं आणि लोहाविना जीवाणूंची वाढ खुंटते. शिवाय अंडं घातल्यानंतर टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पांढरं अल्कधर्मी होत जातं, पीएच नऊच्या वर जातो. तेही जीवाणूंना मानवत नाही. दाट पांढऱ्यातून त्यांना हालचाल करणंही अवघड. आणि बलक मधोमध धरून ठेवणारे दोन पिळदार धागे असतात, त्यामुळे पोषणाने भरलेला बलक टरफलापासून लांब राहतो.

ही सगळी व्यवस्था अखंड अंड्यासाठी आहे. आपण अंडं फोडतो तेव्हा ती मोडते. टरफल आणि आतल्या पातळ पडद्यांचा अडसर जातो. हात, भांडं, टरफलाची बाहेरची बाजू या सगळ्यांचा पांढऱ्याशी संबंध येतो. बलकाचा एखादा थेंब जरी मिसळला तरी त्याच्याबरोबर लोह आणि चरबी येते, म्हणजे ज्या टंचाईवर पांढऱ्याचा बचाव उभा असतो तीच कमी होते. आणि दोन डझन अंड्यांचं पांढरं एका बरणीत एकत्र केलं की प्रत्येक अंड्याचं वेगळेपण संपतं. दूषित अंडं क्वचितच निघतं, पण निघालं तर टरफलात ते एकटंच वाया जातं, बरणीत सगळ्या बरणीला घेऊन जातं. माझ्या मते एवढं एक कारण या सल्ल्याला नकार द्यायला पुरेसं आहे.

अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण सल्ला स्पष्ट आहे: टरफलासकट अंडी फ्रीजमध्ये तीन ते पाच आठवडे राहतात, फोडलेलं कच्चं पांढरं दोन ते चार दिवस. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरणीची कल्पना मुळातच उलटी वाटते. जे टरफलात महिनाभर राहतं, ते आपण मेहनत करून चार दिवसांवर आणतो.

'बाटलीत तरी दुसरं काय असतं?'

बाटलीतलं पांढरं बहुधा पाश्चराइज केलेलं असतं. ते साधारण ५७ अंशांपर्यंत तापवून काही मिनिटं तिथेच धरतात आणि मग स्वच्छ, बंद वेष्टणात भरतात. बाटलीचं टिकणं या प्रक्रियेमुळे आणि झाकणामुळे असतं. झाकण उघडल्यावर थोड्या दिवसांत संपवा, असं तिच्यावरच लिहिलेलं असतं. म्हणजे उघडलेली बाटलीसुद्धा जे वचन देत नाही ते घरच्या बरणीच्या नावाने दिलं जातंय.

एका बाबतीत मात्र घरचं पांढरं बाटलीला मागे टाकतं. तापवल्यामुळे बाटलीतल्या पांढऱ्याची फेस धरण्याची ताकद कमी होते. मेरिंग (पांढरं आणि साखर फेटून केलेला फेसाळ गोड पदार्थ) किंवा हलका स्पंज केक करायचा असेल तर ताजं फोडलेलं पांढरंच घ्यावं.

'मायक्रोवेव्हमध्ये कोमट केलं की घरीच पाश्चरायझेशन होतं'

असं करू नका. पांढरं साठ अंशांच्या थोडं वर गेलं की शिजून घट्ट व्हायला लागतं. जंतू मरण्याचं तापमान आणि पांढरं शिजण्याचं तापमान यांत जेमतेम काही अंशांचा फरक आहे. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही, त्यामुळे कडेला गाठी होतात आणि मधलं पांढरं गारच राहतं. या दोहोंच्या दरम्यानच्या कोमट भागात तर जीवाणूंची वाढ आणखी वेगाने होते.

'फ्रीझरमध्ये अंडं खराब होतं, म्हणून फ्रीजच बरा'

कच्च्या पांढऱ्याच्या बाबतीत नेमकं उलट आहे. फ्रीझरमध्ये ते वर्षभर चांगलं राहतं आणि वितळल्यावर फेसही छान धरतं. बलक वापरून पांढरं उरवणाऱ्यांसाठी हाच खरा मार्ग.

अंडी थंड असताना फोडा, थंड बलक घट्ट असतो आणि सहज फुटत नाही. एका टरफलातून दुसऱ्यात बलक खेळवण्याची पद्धत दिसायला सुबक, पण टरफलाची धार बलकाला लागते आणि बाहेरची घाण आत येते. त्यापेक्षा हात धुऊन अंडं ओंजळीत घ्या आणि बोटं किंचित फाकवा. पांढरं आधी सैल धारेने गळतं, मग दाट भाग बोटाच्या कडेला लोंबत राहतो, तो अंगठ्याने हलकेच ढकलला की तुटतो आणि बलक तळहातावर अख्खा राहतो. प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत काढा. बलक फुटला तर ती एकच वाटी बाजूला ठेवा, सगळं पांढरं नासत नाही.

मग बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. एका मोठ्या अंड्याचं पांढरं म्हणजे ३० मिलिलिटर, दोन मोठे चमचे. ट्रेच्या एका खणात किती मावतं ते पाण्याने आधी मोजून ठेवा, म्हणजे पुढे दोन वड्या म्हणजे एक अंडं की एकच वडी पुरे, याचा घोळ होत नाही. गोठल्यावर वड्या पिशवीत काढा आणि तारीख लिहा. वापरायच्या आदल्या रात्री लागतील तेवढ्याच फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर नको. वितळलेलं पुन्हा गोठवू नये.

बलकाला हाच न्याय लावू नका. तो उणे सहा अंशांच्या खाली गेला की घट्ट जेलीसारखा होतो आणि वितळल्यावरही पुन्हा पातळ होत नाही. चमच्याने ढवळलं तर गुठळ्याच राहतात. गोठवण्याआधी चार बलकांना दीड छोटा चमचा साखर किंवा चमच्याचा आठवा भाग मीठ फेटून घातलं तर हे बरंच टळतं. कशात काय घातलंय ते डब्यावर लिहा. उकडलेल्या अंड्याचं पांढरं मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नये, ते चिवट होतं आणि पाणी सोडतं.

'कच्चं प्यायलं की सगळी प्रथिनं मिळतात'

१९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजलं होतं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली सुमारे ५१ टक्के. म्हणजे कच्चं पिणारा जवळपास निम्मी प्रथिनं वाया घालवतो, आणि ज्या बचतीसाठी हे सगळं चाललंय तिचा उरलासुरला आधारही जातो. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं. एखाद्या वेळी पिऊन काही बिघडत नाही, पण रोज आणि भरपूर पिणाऱ्याने याचा विचार करायला हवा. शिजवलं की ॲव्हिडिनचा प्रभाव संपतो.

'वास आला नाही म्हणजे चांगलं आहे'

वास आला तर टाकावंच. गुलाबी झाक किंवा तेलकट इंद्रधनुषी चमक दिसली तरीही टाकावं, ती थंडीतही वाढणाऱ्या जीवाणूंची खूण असते. हलकी हिरवट-पिवळी छटा मात्र रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची, ती चालते. पण वास नाही म्हणून पांढरं सुरक्षित, असं ठरत नाही. साल्मोनेला वास, रंग, चव काहीच बदलत नाही.

'आम्ही कित्येक महिने करतोय, कुणाला काही झालं नाही'

या वाक्यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण इतरांची भीती यानेच मोडते. साल्मोनेलाची लक्षणं खाल्ल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतात. मंगळवारी पोट बिघडलं तर शुक्रवारच्या बरणीची आठवण कुणाला येणार? धडधाकट माणूस साधारण चार ते सात दिवसांत बरा होतो आणि बाहेरच्या खाण्याला दोष देतो. पण त्याच बरणीतलं घरातलं लहान मूल खातं, आजी-आजोबा खातात, गरोदर बाई खाते, केमोथेरपी चालू असलेलं कुणी खातं. त्यांच्यासाठी तोच संसर्ग दवाखान्यात दाखल होण्यापर्यंत जाऊ शकतो. अशा घरात पांढरं घट्ट होईपर्यंत शिजवलेलंच असावं. आणि एखाद्या पदार्थात ते कच्चंच लागत असेल, तर तिथे पाश्चराइज केलेली बाटली आणावी. त्या वेळी तिला मोजलेले जास्तीचे पैसे योग्य ठिकाणी गेले असं मी समजेन.