हंटिंग्टनच्या चाचणीआधी मनाची तपासणी कशाला?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: "हंटिंग्टनची चाचणी साधी रक्ताची. तरी आधी मानसोपचारवाल्याकडे धाडतात, वेड्याचा शिक्का मारतात, नापास केलं की चाचणीच नाही. परस्पर लॅबमध्ये रक्त द्या, मोकळे व्हा." हंटिंग्टन हा आईवडिलांकडून मुलांत येणारा मेंदूचा आजार. तो असलेल्या घरांसोबत मी काम करते, म्हणून गप्प बसवत नाही.

रक्त साधंच, उत्तर नाही. १९९३ साली सापडलेल्या या आजाराच्या जनुकात सीएजी हा डीएनएचा छोटा तुकडा ४० किंवा त्याहून जास्त वेळा आला, तर आज ना उद्या आजार होतो. ३६ ते ३९ असेल तर होईल किंवा नाहीही. कधी, ते नेमकं सांगता येत नाही आणि थांबवणारं औषध अजून नाही. म्हणजे धडधाकट माणूस हा आकडा घेऊन घरी जाणार.

'वेडा ठरवतात'? देवगडकडच्या एका बागायतदाराचे वडील या आजाराने गेले. हातपाय आपोआप हलायला लागले तेव्हा घरच्यांनी आधी देवळात कौल लावला होता. मुलाला डॉक्टरांनी विचारलं: झोप लागते का? जीव द्यावासा कधी वाटलं? दारू किती? निकाल ऐकताना सोबत कोण? 'आहे' निघालं तर दुसऱ्या दिवशी काय कराल? यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बायलेक अजून सांगूक नाय." चाचणी नाकारली नाही, थोडी पुढे ढकलली. पुढच्या खेपेला दोघं आली.

'नापास' हा प्रकार यात नाहीच. नैराश्य दिसलं तर आधी त्याचे उपचार होतात. चिडचिड, उदासी ही कधी आजाराचीच सुरुवात असते, कधी नुसती धास्ती. ते बघावं लागतं. १९९९च्या जागतिक पाहणीत चाचणी केलेल्या ४,५२७ जणांपैकी ४४ जणांवर आत्महत्या, तसा प्रयत्न किंवा मनोरुग्णालयात भरती अशी वेळ आली. पाच जण जिवानिशी गेले. बहुतेक जण सावरतात, हे खरंच. पण आधी मानसिक त्रास झालेल्यांना धोका जास्त दिसला, आणि ते विचारल्याशिवाय कळणार कसं? शिवाय 'नाही' निघालेला भाऊसुद्धा 'त्याला आहे, मला नाही' म्हणून खचतो.

शिक्क्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो.

मजकुरातलं एक मात्र पटतं: सावंतवाडीहून मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत. आधीची बोलणी व्हिडिओवर होतील का विचारा. मध्येच मन ढासळलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. निकाल मात्र फोनवर घेऊ नका, समोर बसूनच मागा.