पेटी आहे, चावी मागू नका

बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून रुजू झालात, अभिनंदन. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तुमच्या गळ्यात पडतील: हजेरीचा मस्टर, चहावाल्याची उधारी आणि भिंतीवर टांगलेली, अधिकचं चिन्ह असलेली प्रथमोपचाराची पांढरी पत्र्याची पेटी. पहिल्या दोन कुणीही सांभाळतो. तिसरीसाठी अनुभव लागतो, म्हणून हे चार शब्द.

पेटी काम चालू असताना चटकन हाती लागेल अशी ठेवावी, असं कायदा म्हणतो. कुणाच्या हाती, तर साहेबांच्या. तेव्हा ती ऑफिसच्या कंटेनरमध्ये, एसीखाली, गणपतीच्या फोटोशेजारी लावा. अकराव्या मजल्यावरचा गवंडी जखम धरून तिथवर येईल की. जिन्याने येईल, कारण मालाची लिफ्ट माणसांसाठी नाही आणि नियम म्हणजे नियम.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४५मध्ये एक भाबडं वाक्य होतं: ठरवून दिलेल्या सामानाखेरीज पेटीत दुसरं काही ठेवायचं नाही. लिहिणाऱ्याने साइटचं ऑफिस पाहिलेलं नसावं. कुलूप लागणारी दुसरी जागाच नसते तिथे! मी एका साइटवर (नाव राहू द्या) पेटीची मोजदाद केली होती. डिझेलच्या पावत्या, मोबाइलचा चार्जर, अर्धी मच्छर अगरबत्ती, डोकेदुखीच्या पाकिटात उरलेली एक गोळी, आणि कातडी सोडून बाकी सगळ्याला चिकटणारी चिकटपट्टी. आयोडीनची बाटली मात्र सीलबंद. कात्री भूमिपूजनाची फीत कापायला गेली ती गेलीच.

त्याच कलमात दर १५० कामगारांमागे एक पेटी सांगितली होती. यावर उपाय सोपा आहे, मस्टर १५०च्या वर जाऊ द्यायचा नाही. बाकीचे मुकादमाचे, म्हणजे कुणाचेच नाहीत. शिवाय पेटी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट असलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी. आमच्याकडे होता तसा माणूस. दोन वर्षांपूर्वी दुबईला गेला. सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं असल्यामुळे अजून उत्तम आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली वेगळा कायदा आला, कामाच्या जागच्या सुरक्षेसाठीच्या २०२०च्या संहितेने असे तेरा कायदे एका गाठोड्यात बांधले. पेटीतली गोळी एकच राहिली.

आता प्रत्यक्ष उपचार. सर्वांत जास्त वेळा येतो तो खिळा. सेंट्रिंगच्या फळीतला, गंजका, स्लिपरमधून आरपार. (सेफ्टी शूज आहेत, पण ते ग्राहक फ्लॅट बघायला येतात त्या दिवसासाठी.) पायात खिळा गेला की हातोडीच्या दांड्याने जखमेभोवती ठोकायचं, 'काळं रक्त' निघालं पाहिजे. मग भोकात तंबाखूची चिमूट दाबायची आणि वर गरम तेलाचा चटका. धनुर्वाताच्या जंतूंना हवा मानवत नाही, खोल, बंद, घाण जखम आवडते. बिचाऱ्यांची एवढी सोय दुसरं कोण करणार? साबण-पाण्याने भळाभळा धुणं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घेणं, हे ज्यांना दुसरं काम नाही त्यांचे चोचले.

डोळ्यात सिमेंट उडालं तर चोळा. पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार सोडत बसलात तर क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट भिजवायला, पाणी कुठून आणणार? शॉक लागला तर मेन स्विच शोधत फिरू नका, सरळ मिठी मारून ओढा. एकाच्या जागी दोघं चिकटतात, तेवढीच सोबत. त्यातून सुटला आणि श्वास दिसत नसेल तर तळपाय चोळा, किंवा वाळूत पुरा, वाळू साइटवर मुबलक असते. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं म्हणतात. आपल्याकडे एवढ्या वेगाने फक्त स्लॅबच्या दिवशी काम होतं.

परांचीवरून माणूस पडला तर मात्र वेळ घालवू नका. चौघांनी चार बाजूंनी हात-पाय धरून उचला, बसता करा, तोंडावर पाणी मारा, शुद्ध नसेल तर घशात ओता. "मान हलव रे, हलतेय का बघू," हे कुणीतरी म्हटलंच पाहिजे. कणा शाबूत असेल तर या सगळ्यातून टिकेल, नसेल तर निदान कळेल. मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये उभा चेपून न्या. १०८ला फोन केला तर २०१४पासून राज्यात फुकट ॲम्ब्युलन्स येते, हे खरं. पण त्या फोनची नोंद राहते.

एवढं सगळं पाठ असूनही एकदा माझी फजिती झाली. टाइल कापताना कटर मिस्त्रीच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. मी पेटीकडे धावलो. चावी स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर बँकेत. शेवटी फिटरने हातोडीने कुलूप फोडलं. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं आणि आतून टचकन आवाज आला. आयोडीनची बाटली. दोन वर्षं सीलबंद जपलेली. डिझेलच्या पावत्यांचं मात्र चांगलंच निर्जंतुकीकरण झालं.

मी काचा वेचून वर पोचलो तर घमेलं वाहणारी एक मावशी मिस्त्रीला भिंतीला टेकून खाली बसवून, त्याचा हात डोक्याच्या वर धरून बसली होती. डब्याचं धुतलेलं फडकं जखमेवर, आणि त्यावर दोन्ही तळवे घट्ट.

"मावशी, सोडा, बघू तरी किती लागलंय!"

"सायेब, दर घडीला उघडून बघितलं तर रगत थांबंल का?" ती म्हणाली आणि तळवे हलवले नाहीत.

फडकं भिजलं तसा तिने ते न काढता वर पदराची घडी दाबली आणि टोक फाडून बांधलं. मी घड्याळ बघितलं, दहा मिनिटं ती तशीच होती. रिक्षात त्याचा हात वर धरून तीच गेली.

अशी बाई साइटवर असेल तर सावध राहा, पेटीची अब्रू जाते. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'जखमीस साइटवरील प्रथमोपचार पेटीतून तात्काळ उपचार देण्यात आले.' खाली सही, माझी. मावशीचं नाव कुठे लिहावं कळेना, ती मुकादमाची. संध्याकाळी हजेरी घेताना मुकादमाने तिला अर्धा दिवस लावला, दुपारनंतर ती कामावर नव्हती म्हणून.