प्रागचं घड्याळ बघायला पंचांग येणारं माणूस सोबत न्या

प्रागला जाऊन आलेल्या कुणालाही तिथल्या टाउन हॉलवरच्या घड्याळाबद्दल विचारा. "काही नाही हो, बाहुल्या फिरतात नि खिडक्या बंद होतात," हेच उत्तर मिळेल. खोटंही नाही म्हणा. तास भरत आला की चौक गच्च भरतो, सगळ्यांचे मोबाईल वर. सांगाडा घंटेची दोरी ओढतो, दोन खिडक्यांमागून बारा प्रेषित सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ खलास. गाईड छत्री उंचावतो आणि सगळी वरात पुढच्या पॉइंटला.

माझं म्हणणं एवढंच की लोक भलतीकडे बघतात. बघण्यासारखं आहे ते बाहुल्यांच्या खाली, त्या निळ्या-सोनेरी तबकडीवर. आणि ती वाचायला युरोपच्या इतिहासापेक्षा आपलं पंचांग जास्त उपयोगी पडतं.

आम्ही म्युनिकला राहतो. जूनअखेर आई-बाबा साताऱ्याहून आले होते, तेव्हा त्यांना घेऊन प्रागला गेलो. वरचा खेळ संपला, गर्दी पांगली, तरी आई हलेना. मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सूर्य कर्केत दाखवतायत रे हे. अजून मिथुन संपायचाय की!"

मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून पाहिलं. काट्यावरचा सोन्याचा सूर्य राशींच्या कड्यावर जिथे होता, तिथे आडव्या ६९ सारखी कर्केची खूण. दोघंही आपापल्या जागी बरोबर! घड्याळाचं गणित सायन, म्हणजे राशी ऋतूंप्रमाणे मोजणारं, त्यामुळे २१ जूनच्या सुमारास सूर्य कर्केत. आपली पंचांगं निरयन, म्हणजे ताऱ्यांप्रमाणे मोजणारी, दोन्हींत साधारण चोवीस अंशांचा फरक, म्हणून आपला सूर्य जुलैच्या मध्यापर्यंत मिथुनेतच. आजूबाजूच्या शेकडो लोकांत हे फक्त आईला दिसलं होतं. मग तिने नातीला राशींच्या खुणा एकेक करून ओळखायला लावल्या. चंद्राचा अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा दाखवून "तिथी सांग बघू" हेही झालं.

याच तबकडीवर सोनेरी वक्र रेषा आहेत. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे त्या बारा भाग करतात. आईच्या भाषेत सांगायचं तर होरा. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्यात दिवस फार लहान-मोठा होत नाही, त्यामुळे होऱ्याची लांबी बदलते हे चटकन जाणवत नाही. प्रागमध्ये जूनचा दिवस सोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा जेमतेम आठ तासांचा. म्हणजे तोच एक भाग उन्हाळ्यात सुमारे ऐंशी मिनिटांचा आणि हिवाळ्यात चाळीस मिनिटांचा. रेषा वाकड्या का, ते इथे कळतं. बाहेरच्या कड्यावरचे जुन्या वळणाचे आकडे आणखी वेगळे. ती जुनी चेक वेळ, सूर्यास्तापासून मोजलेली. चोवीसातून ती वजा केली की उजेड किती तास उरलाय ते कळतं. कामावरच्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

गाईड मात्र यातलं काही सांगत नाहीत. ते सांगतात हनुश नावाच्या कारागिराची गोष्ट: असं घड्याळ दुसरीकडे होऊ नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले म्हणे. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपली लोणकढी थाप, तिचीच ही बहीण. खरी हकिगत मला जास्त आवडते. १४१० मध्ये हे घड्याळ कादानच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने बनवलं आणि त्यामागचं गणित बहुधा विद्यापीठातल्या यान शिंदेल या खगोलज्ञाचं. कारागीर आणि प्राध्यापक एकत्र बसले की काय होतं, ते सहाशे वर्षं भिंतीवर चालू आहे. मे १९४५ मध्ये जर्मन माऱ्यात ते जळालं, पण लोकांनी दुरुस्त करून १९४८ मध्ये पुन्हा सुरू केलं.

तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो. समोरच्या 'टिन' नावाच्या चर्चमध्ये टायको ब्राहे हा खगोलज्ञ पुरलेला आहे. त्याच्याच नोंदी घेऊन केप्लरने याच शहरात मंगळाची सूर्याभोवतीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं दाखवलं, १६०९ मध्ये ते छापलंही. चौकातलं घड्याळ मात्र कुणी उतरवलं नाही. हे मला फार सुसंस्कृत वाटतं.

बाकी दिवस भराभर गेला. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, त्यामुळे त्यांचा जीव चार्ल्स पुलात. सोळा कमानी, पाचशे सोळा मीटर, आधीचा पूल १३४२ च्या पुरात वाहून गेलेला. नव्याचा पाया १३५७ च्या जुलैत नवव्या दिवशी पहाटे ५:३१ ला घातला, असं सांगतात. १-३-५-७-९-७-५-३-१! "म्हणजे मुहूर्त काढला होता," असा आईचा शेरा. बाबा खाली वाकून पुरात टिकणारे खांब बघत राहिले. किल्ल्यावर २२ नंबरच्या ट्रामने गेलो. त्या दगडी फरसबंदीवर गुडघ्यांचे हाल होतात, चढण टाळलेली बरी. तिथलं मोठं चर्च १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला पूर्ण. यावर बाबांना कंत्राटदार आठवले.

तेव्हा आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनो, "एका दिवसात पंधरा स्थळं" वाली यादी फाडून टाका. मंडळींना यातलं काय कळणार, हे आपणच ठरवून टाकतो आणि त्यांना फोटोपुरतं उभं करतो. ज्यांना पंचांग येतं त्यांना घड्याळासमोर तासभर द्या, ज्यांनी पूल बांधलेत त्यांना पुलावर. घड्याळाच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, जिन्याची धास्ती नको. आणि गल्लोगल्ली 'पारंपरिक' म्हणून विकतात ते ट्रडेलनिक (दांड्याला गुंडाळून भाजलेली गोड पेस्ट्री) घेऊ नका. प्रागची परंपरा-बिरंपरा काही नाही, पर्यटकांसाठीचा अलीकडचा धंदा आहे, आणि गोडही नको तेवढं.