‘माहितीपत्रकी’ लेखाबद्दल थोडं

नमस्कार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९२० साली ‘इन्स्तितुतो दे लास एस्पान्यास’ हे स्पॅनिश भाषा-संस्कृतीचं केंद्र कसं सुरू झालं, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. मुद्द्यांकडे वळतेच. पण “बाईंनी समोर माहितीपत्रक ठेवून लेख पाडलेला दिसतो” या वाक्याची गरज होती का? लेखावर माझं नाव आहे. मतभेद नाव घेऊनही मांडता येतात. शिवाय हे लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव मात्र दिलेलं नाही, ही गंमतच.

आपलं मुख्य म्हणणं असं, की पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळांतून जर्मन हटली, तिची जागा स्पॅनिशने घेतली, दक्षिण अमेरिकेशी व्यापार वाढवायचा होता, म्हणून केंद्र निघालं. केंद्र उभं करणारे प्राध्यापक फेदेरिको दे ओनिस फक्त निमित्तमात्र. युद्धाचा संदर्भ मी एका ओळीत उरकला, तिथे आणखी दोन ओळी चालल्या असत्या. मान्य. पण त्यावरून थेट ‘निमित्तमात्र’?

अहो, मी आयुष्यभर स्पॅनिश शिकवत आले आहे. नोकऱ्यांमुळे स्पॅनिशच्या वर्गाला रांगा लागलेल्या मी पाहिल्यात. एका संस्थेत (नाव नको) जागा भरल्या, फी वाढली, भिंतीवर बैलझुंजीचं पोस्टर लागलं. ग्रंथालयात मात्र व्याकरणाच्या झेरॉक्सपलीकडे स्पॅनिशमधलं एक पान नव्हतं. मागणी पुढे ओसरली आणि वर्गही गुंडाळला. मागणीने वर्ग भरतात. केंद्र उभं राहायला कुणीतरी ते डोक्यात घ्यावं लागतं, आणि हे मला माहितीपत्रकातून कळलेलं नाही.

ओनिस स्पेनमधल्या सालामांकाचे, स्पॅनिश लेखक-विचारवंत उनामुनोंचे विद्यार्थी, १९१६मध्ये कोलंबियात आले. १९२१मध्ये त्यांनी चिलीतल्या एका शिक्षिकेच्या कवितांवर व्याख्यान दिलं. ऐकायला स्पॅनिश शिकवणारे अमेरिकी शिक्षक होते. त्यांना तिचं पुस्तक हवं होतं, पण तोवर तिचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं! मग या केंद्रानेच ते काढलं, १९२२मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. ते ‘देसोलासियोन’, आणि ती शिक्षिका म्हणजे गाब्रिएला मिस्त्राल, १९४५ची नोबेल विजेती. यात व्यापार कुठे बसतो, सांगाल का? “लॅटिन अमेरिकेला लेखिका विसरल्या” या आपल्या टोल्याचंही उत्तर यातच आहे. हा प्रसंग मूळ लेखातही होता, पण तिथवर आपण पोचला नसाल.

स्पॅनिश कवी लोर्का १९२९मध्ये कोलंबियात आला तेव्हा त्याच्या मदतीला ओनिसच होते. १९३४मध्ये ‘रेविस्ता इस्पानिका मोदेर्ना’ हे नियतकालिक सुरू झालं, तेही त्यांच्याच हातून. एवढं सगळं निमित्तमात्र माणूस करत असेल, तर आणखी चार निमित्तं आपल्याकडेही मिळाली असती तर बरं झालं असतं.

माद्रिदच्या सरकारी मंडळाचा वाटा मी लेखातच नोंदवला आहे, तिसरा परिच्छेद पाहावा. उच्चारांबद्दलची आपली यादी वाचली. त्यात पडत नाही.

‘रेविस्ता’वरचा पुढचा भाग येतो आहे. जरूर वाचा, मात्र प्रतिक्रिया देण्याआधी शेवटपर्यंत.